केरबाचा चातुर्मास

शिरोळ तालुक्यात केरबा साळोखे दारात उभा राहिला की बायका आधी चहाचं आधण ठेवायच्या आणि मग विचारायच्या, यंदा किती. वर्गणी मागायला आलेल्या माणसासाठी खुर्ची पुसली जावी हे भाग्य लाखात एखाद्याचं, आणि ते केरबाच्या कपाळी होतं. कोल्हापुरात साहेबांच्या कचेरीत त्यानं तीस वर्षं काढली. साहेबांना सगळे साहेबच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. साहेब पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा केरबा त्यांचा स्वीय सहायक झाला. पगार सरकारचा, काम साहेबांचं, आणि जीव मात्र अडकलेला गावोगाव फिरून पक्षासाठी वर्गणी गोळा करण्यात.

त्याची रीत सगळ्यांहून निराळी होती. दुसरे कार्यकर्ते जीपमधून उतरायचे, नमस्कार घालायचे आणि आकडा सांगायचे. केरबा एसटीनं जायचा. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, काखेत पावतीपुस्तक आणि खिशात दोन पेनं. एक हमखास कुणीतरी ठेवून घ्यायचं म्हणून दुसरं. बसला की आधी ऊस कुठल्या कारखान्याला घातला ते विचारायचं, मग म्हैस कितव्या वेताची, मग थोरलीचं कुठं जमलं का. पैशाचं नाव शेवटी, तेही उठता उठता, विसरलेलं काही आठवल्यासारखं. लोक म्हणायचे, केरबा खिशात हात घालायला लावतो ते कळतसुद्धा नाही. खरी गोष्ट अशी की केरबाला पैसा नको होता, त्याला ओसरी हवी होती.

त्याचं गाव गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. लग्नानंतर चौथ्या वर्षी बायको गेली. मूलबाळ नव्हतं. भावांनी दुसरं लग्न कर म्हणून सांगून पाहिलं, यानं ऐकलं नाही, आणि पुढं सांगणारेही थकले. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक खोली आणि दोन्ही वेळ खानावळीचं जेवण, एवढाच त्याचा प्रपंच. घरी वाट बघणारं कुणी नसलं की माणूस दुसऱ्यांच्या घरात जास्त वेळ बसतो. यात लाजण्यासारखं काही नाही, पण केरबाला लाज वाटायची. म्हणून तो पावतीपुस्तकाशिवाय कुणाच्या उंबऱ्याला पाय लावत नसे. कामाला आलोय म्हटलं की बसायला हरकत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

नदीकाठच्या एका गावात दादासो मगदुमांचं घर होतं. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं भांडायला येतील, आणि ती भांडणात मागं हटणारी नाहीत. दादासो जैन शेतकरी. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि बोलणं मिश्कील. केरबाचं आणि त्यांचं चांगलंच गूळपीठ जमलं. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होत, म्हणून केरबा आपला दौरा असा बेतायचा की पाचच्या सुमाराला तिथं पोचायचं. दादासोंच्या बायकोला, रत्नाबाईंना, गाव रत्नाक्का म्हणायचं आणि केरबा वहिनी. त्या वाढता वाढता एखादंच वाक्य असं टाकायच्या की दोघा पुरुषांना ठसका लागायचा, आणि स्वतः मात्र हसत नसत.

दादासो एका सकाळी पाटाचं पाणी वळवताना उसाच्या सरीतच कोसळले आणि उठले नाहीत. सगळे दिवस होईपर्यंत केरबा त्या घरी होता. पुढंही तो जात राहिला. आता तो बाहेर कट्ट्यावर बसायचा, रत्नाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. पोरगा सम्मेद तेव्हा कॉलेजात होता. अर्धा तास बोलणं व्हायचं, ऊस, पोराची परीक्षा, दुधाचा दर, याच्यापलीकडं काही नाही. केरबाला त्या बाईविषयी काय वाटत होतं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पण मी सांगतो, त्याचा जीव होता तिच्यावर. त्या अर्ध्या तासावर तो तीन-तीन महिने काढायचा. खानावळीत जेवताना शेजारच्याचं बोलणं त्याला ऐकू यायचं नाही, कारण तो त्या कट्ट्यावर बसलेला असायचा.

मग तो मोठा पूर आला. खालच्या गल्लीत पाणी आढ्याला लागलं आणि आठ दिवस हललं नाही. मगदुमांचा गोठा पडला, एक म्हैस वाहून गेली. माणसं तेवढी वाचली. खालच्या गल्लीला माळावर प्लॉट देऊ, असं सरकारनं सांगितलं, आणि ते सांगणं पाण्याबरोबरच ओसरलं. साहेबांनी त्यावर विधानसभेत प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं असा. त्याचा कागद केरबानंच तयार केला होता, अधिवेशनाच्या दीड महिना आधी.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं. साहेब तिकडं, केरबा इकडं. नेमका तेव्हाच पक्षाच्या जिल्हा कार्यालयाच्या इमारतीसाठी निधी गोळा करायचा हुकूम आला. प्रत्येक आमदाराच्या कचेरीला आकडा ठरवून दिलेला, मुदत महिनाअखेर. केरबा पावतीपुस्तक घेऊन निघाला. पुरानं धुतलेल्या खालच्या गल्लीत मागायचं नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण ठरवलं म्हणून पाय थोडेच ऐकतात? नुसतं बघून येऊ म्हणत तो मगदुमांच्या दारात गेला.

रत्नाबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि आतून रुमालात बांधलेल्या नोटा आणून पुढं ठेवल्या. केरबा गडबडला. मी मागितलं नाही, आणि एवढं कशाला, असं काहीतरी पुटपुटला. त्या म्हणाल्या, उरलेली म्हैस विकली. वैरण कुजली, गोठा नाही, ठेवून काय करू. आणि तुम्ही काखेत पुस्तक घेऊन उन्हातून यायचं आणि रिकामं परत जायचं, हे बरं दिसत नाही. केरबानं तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं तर बाईचा मान मोडतो, आणि दुसरं असं की त्याला आनंद झाला होता. आजवर हजार हातांनी दिलं होतं, पण असं कुणी दिलं नव्हतं. त्यानं पावती फाडली, सही केली, त्यांच्या हातात दिली. आणि त्या आनंदाच्या भरात, आपणही यांना काहीतरी द्यावं म्हणून, म्हणाला,

"काळजी करू नका वहिनी. सोमवारी तुमच्या गल्लीचा प्रश्न लागतोय. साहेब मंत्र्याला सोडत न्हाईत."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. रत्नाबाईंनी पावतीकडं पाहिलं, केरबाकडं पाहिलं, बरं म्हणाल्या आणि आत गेल्या. केरबाच्या ध्यानात काहीही आलं नाही. परतीच्या एसटीत उभं राहायला लागलं तरी तो खुशीत होता.

सोमवारी बोलाफुलाला गाठ पडली. प्रश्न आला, साहेब कडाडले, मंत्र्यानं सहा महिन्यांत प्लॉट देण्याचं आश्वासन दिलं, आणि नवल म्हणजे पुढं ते पाळलंसुद्धा. सगळ्या गल्लीनं हे टीव्हीवर बघितलं. म्हैस विकल्याचं गावाला ठाऊक होतं, पावती फाडल्याचंही ठाऊक होतं, आणि गावाला जीभ असतेच. एका म्हशीला एक प्रश्न, असा भाव फुटला. दूध घालायला आलेली माणसं एकमेकांना विचारायची, आमच्याकडं रेडकू हाय, त्यात नुसती गटार बसंल का?

जानेवारीत केरबा पेढे घेऊन गेला. रत्नाबाई दारातच उभ्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"साहेबास्नी सांगा, आमचं काम झालं," त्या म्हणाल्या. "दिलेल्या पैशाचं मिळालं. आता कुणाचं कुणावर काय राह्यलं न्हाय."

केरबानं भराभरा सांगायला सुरुवात केली. प्रश्न दीड महिना आधीच गेला होता, इमारतीच्या निधीचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, हवं तर तारखा दाखवतो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"मी काय मागितलं नव्हतं तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पावती फाडलीसा, आणि त्याच तोंडानं प्रश्नाचं सांगितलंसा. मग माझं ते देणं कुठं राह्यलं? ती किंमत झाली."

त्या आत गेल्या. दार उघडंच ठेवलं होतं, आणि उघड्या दारासमोर असं उभं राहणं हे तोंडावर दार लावून घेतल्यापेक्षा वाईट. पेढे केरबानं एसटीच्या कंडक्टरला देऊन टाकले. पैसे परत नेऊन द्यावेत असं त्याच्या मनात आलं, पण परत दिले तर प्रश्न विकल्याचा पुरावाच झाला असता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि खानावळीच्या मालकिणीनं, विठाबाईनं, दुसऱ्या दिवशी त्याला ताप आलाय का म्हणून हात लावून बघितलं.

महिनाभर तो हे मनात घोळवत राहिला. मार्चचं अधिवेशन तोंडावर आलं तेव्हा एका सकाळी तो साहेबांच्या बंगल्यावर गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, की अधिवेशन चालू असताना आपल्या कचेरीतून एकही पावती फाडायची नाही. पक्षाचा हुकूम असो नाहीतर आणखी कुणाचा. साहेब पेपर वाचत होते. ते हसले.

"केरबा, तू काय चातुर्मास धरलास व्हय?"

"काय बी म्हणा," केरबा म्हणाला. "आत सभागृहात आपण लोकांचं गाऱ्हाणं मांडतोय, आणि भाईर त्याच लोकांकडनं घेतोय. दोन्ही खरं असंल साहेब, पर कुणाला खरं दिसत न्हाय."

साहेब काही संत नव्हते. पण वाईटही नव्हते, आणि इतक्या वर्षांत या माणसानं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि बरं म्हणाले. कचेरीत नियम झाला. एवढंच नव्हे, पुढच्या पावसाळी अधिवेशनात त्यांनी स्वतःच्या नावानं एक विधेयकही मांडलं. सभागृह चालू असेल तोवर मंत्री, आमदार आणि त्यांच्या कचेरीतली माणसं यांनी पक्षासाठी पैसा गोळा करू नये, असं त्यात होतं. सत्तेतले हसले, विरोधातले त्याहून जोरात हसले, आणि ते विधेयक चर्चेला कधी आलंच नाही. कोल्हापूरच्या एका पेपरात चार ओळी आल्या, तेवढंच त्याचं आयुष्य. पण साहेबांच्या कचेरीत ती बंदी राहिली. पुढं साहेब राज्यमंत्री झाले तरी राहिली. अधिवेशनाची घंटा वाजली की केरबा पावतीपुस्तकं कपाटात घालून कुलूप लावायचा आणि सूप वाजल्याशिवाय काढायचा नाही. जिल्ह्यातले कार्यकर्ते त्याला केरबाचा चातुर्मास म्हणायला लागले. वर्षातून तीनदा येणारा चातुर्मास कुठं बघितलाय का, असं म्हणून हसायचे.

नियम चांगला होता. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पावती फाडायची नाही एवढ्यावर केरबा थांबला नाही. अधिवेशन चालू असेल तोवर, ज्या घरातून आपण कधीकाळी वर्गणी घेतली त्या घराची पायरीच चढायची नाही, असं त्यानं स्वतःपुरतं वाढवून घेतलं. आणि अधिवेशन संपलं की मगदुमांकडं जावं, एकदा नीट सांगून टाकावं, असं दरवेळी मनात यायचं. पण तेव्हा काखेत पावतीपुस्तक असायचं. पुस्तक घेऊन त्या दारात उभं राहणं म्हणजे परत पैशाला आल्यासारखंच, आणि पुस्तक न घेता कुणाच्या घरी जायचं ही कल्पनाच त्याला कधी शिवली नव्हती. म्हणजे अधिवेशन असलं की बंदी आणि नसलं की पुस्तक. तीनशे पासष्ट दिवसांत त्या घरी जायला एक दिवस उरला नाही. असा फास माणूस स्वतःच्याच हातानं वळतो आणि वर दोराला नावं ठेवतो.

सहा वर्षं गेली. रत्नाबाईंनी माळावरच्या प्लॉटवर दोन खोल्यांचं घर बांधलं. केरबा त्या गावी जायचा, सगळ्या गल्ल्या करायचा, आणि शेवटी दूध संस्थेच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. तिथून माळावरची घरं दिसायची. ते घर त्यानं लिहिलेल्या प्रश्नातून उभं राहिलं होतं, आणि आतून कसं आहे ते त्याला माहीत नव्हतं. संस्थेचा सेक्रेटरी गुंडू माप घेता घेता त्याच्याकडं बघायचा. केरबा उसाचं विचारायचा, पावसाचं विचारायचा, सरपंचाच्या भांडणाचं विचारायचा, आणि एसटीची वेळ झाली की म्हणायचा, माळावर सगळं बरं हाय न्हवं? गुंडू म्हणायचा, बरं हाय. तेवढं ऐकायला हा माणूस दोन एसट्या बदलून येतो, हे गुंडूला कधीच कळून चुकलं होतं.

यंदाच्या जुलैत मुंबईला पावसाळी अधिवेशन चालू असताना गुंडूचा फोन आला. सम्मेद हुबळीत बँकेत लागलाय, आईला कायमची घेऊन चाललाय. शेत वाट्यानं दिलं. शुक्रवारी टेम्पो निघणार. गुंडूनं एवढं सांगून फोन ठेवला, वर एक शब्द नाही.

अधिवेशन त्याच्या पुढच्या शुक्रवारी उठणार होतं. केरबानं दोन दिवस कचेरीत नुसत्या येरझाऱ्या घातल्या. बंदी मोडली तर सहा वर्षांचं मातीत जाणार, आणि मोडली नाही तर ती बाई त्याला प्रश्न विकणारा माणूस समजूनच निघून जाणार. आपण मेल्यावरसुद्धा ती तसंच समजणार, हे त्याला सहन होईना. गुरुवारी दुपारी त्यानं शेवटी साहेबांना फोन लावला. साहेब विधानभवनाच्या लॉबीत होते, मागं गलका चालला होता. केरबानं आडवळणानं विचारलं, शिरोळला एका घरी जायचं होतं, पण अधिवेशन चालू आहे, तर काय करावं. साहेबांना आधी काही कळलंच नाही.

"अरे, वर्गणी घ्यायची न्हाय असं ठरलंय," ते म्हणाले. "माणसाकडं जायचं न्हाय, असं कवा ठरलं?"

केरबानं फोन ठेवला. सहा वर्षं. कुणीही न केलेला नियम त्यानं सहा वर्षं पाळला होता.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं तो निघाला. पुस्तक कपाटात होतं, आणि मोकळा हात कुठं ठेवावा हे त्याला सगळ्या वाटेत उमगलं नाही. माळावर पोचला तेव्हा दारात टेम्पो उभा होता. खाट, लोखंडी कपाट, पिठाचे डबे चढले होते. सम्मेदनं त्याला बघितलं, काका या म्हणाला आणि दोर आवळायच्या निमित्तानं टेम्पोच्या पलीकडं गेला. पोरगा शहाणा. रत्नाबाई आत भांडी पेपरात गुंडाळत बसल्या होत्या. केस बरेच पिकले होते.

"अधिवेशन चालू हाय न्हवं?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मग कसं काय आलासा?"

"वर्गणीला न्हाय आलो."

बसा, म्हणाल्या. बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. त्यांनी आणखी एक भांडं पेपरात गुंडाळलं. मग खाली बघूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली. विधेयकाच्या त्या चार ओळी सम्मेदनं त्यांना वाचून दाखवल्या होत्या. त्यांनी दोनदा वाचायला लावल्या. हे कुणाच्या डोक्यातून निघालं आणि कशापायी, हे त्यांना तिथंच कळलं आणि राग तिथंच गेला. तेव्हापासून टीव्हीवर अधिवेशनाचं सूप वाजलं म्हणून सांगितलं की त्या दोन-तीन दिवस संध्याकाळी दूध जरा जास्त घेऊन ठेवायच्या. वर्षातून तीनदा. आता अधिवेशन उठलंय, आता येतील, असं वाटायचं. मग ते दूध विरजणाला जायचं. केरबा कसाबसा म्हणाला, की तो यायचा, दूध संस्थेच्या कट्ट्यापर्यंत यायचा. त्यांना ते ठाऊक होतं. गुंडू इकडचं तिकडं सांगत होताच. मग निरोप का धाडला नाही, असं केरबाच्या तोंडून निघून गेलं.

"बाईमाणसानं काय म्हणून बोलवायचं?" त्या म्हणाल्या. 

बाहेर सम्मेद ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होता. आता नाही बोललो तर संपलं, हे केरबाला कळत होतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या त्या माणसानं या खेपेला स्वतःला बोलतं केलं.

"वहिनी, मी वर्गणीसाठी येत नव्हतो," तो म्हणाला. "कवाच न्हाय. तुमच्या दारात बसलं की मला बरं वाटायचं. पर नुसतं तेवढ्यासाठी यायची माझी छाती झाली न्हाय. म्हणून पुस्तक आणायचो."

रत्नाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ठावं हुतं की मला," त्या म्हणाल्या. "न्हायतर घरातली शेवटची म्हैस इकून पक्षाच्या इमारतीला कोण देतंय?"

सम्मेदनं दारात येऊन निघायला हवं म्हणून सांगितलं. रत्नाबाईंनी उरलेली भांडी पोत्यात घातली, केरबानं पोतं उचलून टेम्पोत ठेवलं. त्या पुढं ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या, पदर नीट केला.

"हुबळी काय लांब न्हाय," त्या खिडकीतून म्हणाल्या. "पर तिथं तुमचा मतदारसंघ न्हाय, वर्गणीबी न्हाय. तिथं यायला तुमास्नी काय निमित्त घावणार?"

टेम्पो माळ उतरून नदीच्या पुलाकडं गेला. केरबा तो दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला, आणि दिसेनासा झाल्यावरही राहिला. सहा वर्षं जी बाई वाट बघत होती तिच्यापासून तो हाकेच्या अंतरावर बसून परत गेला होता, दरवेळी. त्याला रडू आलं. माळावर बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं ते अडवलंही नाही.

अधिवेशन उठलं. कपाट उघडलं, पुस्तकं बाहेर आली, केरबाच्या फेऱ्या सुरू झाल्या. हुबळीचा पत्ता सम्मेदनं त्याच्या मोबाइलवर धाडला होता. केरबा रोज तो काढून बघायचा आणि निमित्त शोधायचा. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना वाटेत उतरावं. हुबळीत गुडघ्याचा चांगला डॉक्टर आहे म्हणतात, त्याला दाखवून यावं. गुडघे ठणठणीत होते. शेवटी त्याला स्वतःचाच राग आला, कारण ही सगळी पावतीपुस्तकंच होती, नुसता रंग निराळा. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. संध्याकाळी पाच वाजले की जिथं असेल तिथं तो घड्याळाकडं बघायचा.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. सोमवारी केरबानं पुस्तकं कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. या दिवसांत केरबा साळोखे कुणाकडं काही मागायला जात नाही, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं, आणि हुबळीत एका माणसाला माहीत होतं. मंगळवारी सकाळी तो बसस्थानकावर गेला आणि हुबळीच्या गाडीत बसला. कागलला शेजारी एक फेटेवाला म्हातारा येऊन बसला. त्यानं केरबाची पिशवी बघितली, कपडे बघितले, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं चौकशी सुरू केली.

"कुठवर, पावणं?"

"हुबळी."

"तिकडं काय काम काढलंयसा?"

"काम काय न्हाय," केरबा म्हणाला. "एक बाई हाय. तिला बघावं वाटतंय, म्हणून चाललोय."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं जरा निरखून बघितलं, मान डोलावली, आणि सरकून त्याला नीट बसायला जागा करून दिली.